इमारत कोण बांधते?

गेल्या पावसाळ्यात मी कॉलेजजवळच्या दुकानातून एक अर्ज छापून घरी आणला. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्याचा तो अर्ज होता. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गेली बावीस वर्षे नाशिक रोड, जेल रोड, देवळाली या भागात बांधकामावर जातात. आईही जाते. आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिलीच. आप्पांना आकडे तेवढे येतात, मोजमापापुरते. तेव्हा अर्ज भरण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

नाव, पत्ता, वय ही घरे भरून झाली. पुढचे घर होते ‘कामाचा प्रकार’.

“आप्पा, इथं काय लिहू?”

“लिही की, बांधकाम.”

“बांधकाम तर तिथं सगळेच करतात. तुम्ही नेमकं काय करता?”

आप्पा जरा थांबले आणि म्हणाले, “जे सांगतील ते करतो, पोरी.”

मला त्या क्षणी वाईट वाटले ते त्यांच्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. ज्या कामावर माझी एकोणीस वर्षे पोसली गेली, त्या कामाचे नाव मला ठाऊक नव्हते. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. फ्रान्सच्या राज्यक्रांतीची कारणे आपल्याला सांगता येतात. पण ज्या इमारतीत बसून आपण ती शिकतो ती कोणी कोणी मिळून उभी केली, हे विचारले तर “इंजिनिअर आणि मिस्त्री” याच्यापुढे आपली गाडी जात नाही. म्हणून सुट्टीत मी आप्पांबरोबर कामावर गेले, तेथल्या लोकांना प्रश्न विचारले, ग्रंथालयात बसून नियम वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

कागदावरची माणसे

इमारतीची पहिली वीट बसण्यापूर्वी ती अनेकदा कागदावर बांधली जाते. सर्वांत आधी येतो मालक किंवा विकासक. जागा त्याची, पैसा त्याचा आणि कायद्याच्या दृष्टीने पहिली जबाबदारीही त्याची. मग जागेची मोजणी करणारा भूमापक येतो. हद्द कोठे, उतार कोणत्या बाजूला, हे तो ठरवतो. एकदा हद्द चुकली की पुढचे सर्व चुकते.

त्यानंतर वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट. खोल्या किती, जिना कोठे, उजेड नि वारा कोणत्या अंगाने येणार, हा विचार त्याचा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते. डॉक्टर नसलेल्या माणसाने दवाखान्याची पाटी लावू नये, तसेच हे.

वास्तुविशारदाने काढलेले घर उभे राहील की नाही, हे मात्र दुसराच माणूस सांगतो. तो संरचना अभियंता. आपल्याकडे बोलताना त्याला ‘आर.सी.सी. कन्सल्टंट’ म्हणतात. माणसे, भिंती, पाण्याच्या टाक्या यांचे ओझे स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलमवरून पायात कसे उतरेल, याचे गणित तो मांडतो. कॉलम किती जाड, सळई किती मिलिमीटरची, ती कोठे आणि किती अंतरावर, हे सर्व त्याच्या नकाशात असते. त्याच्या मदतीला मृदा अभियंता लागतो. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर भिंतींना तडे जाणारच. म्हणून जमिनीत भोक पाडून नमुने घेतात आणि मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते पाहतात. याशिवाय सिमेंट, सळई, वाळू, खडी किती लागेल, खर्च किती येईल याचे अंदाजपत्रक करणारा जाणकारही वेगळा असतो.

ही सारी कागदपत्रे महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जातात. बहुतेक राज्यासाठी २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता, पर्यवेक्षक अशा प्रत्येकाची पात्रता आणि कामाची मर्यादा सांगितलेली आहे. बांधकाम सुरू करण्याची परवानगी, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा दाखला असे टप्पे असतात. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेराचे प्राधिकरणही काम करू लागले. त्याच्या नियमाप्रमाणे घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती काढायची तर वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष उघडकीस आला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. थोडक्यात, कागदावरच्या प्रत्येक माणसाला नाव आहे आणि नावाखाली त्याची सही आहे.

जागेवरची माणसे

आता प्रत्यक्ष कामावर येऊ. येथे सर्वांत वर साइट इंजिनिअर. नकाशा वाचून तो जमिनीवर ‘लाइनआउट’ देतो, म्हणजे चुन्याने नि दोरीने कॉलमच्या जागा आखतो. त्याच्या हाताखाली सुपरवायझर. काम करून देण्याची जबाबदारी ठेकेदाराने घेतलेली असते. तो सेंट्रिंगचे काम एकाला, सळईचे दुसऱ्याला, प्लास्टरचे तिसऱ्याला वाटून देतो. माणसे गोळा करून आणणारा तो मुकादम. पहाटे चौकात डबे घेऊन उभी असलेली माणसे आपण कॉलेजला येताना पाहतो. त्यांच्याशी बोलणारा, बोटाने “तू, तू, नि तू” करणारा बहुधा मुकादमच असतो.

मग कारागीर. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ उभी करतो. गुण्याने काटकोन पाहतो. फिटर सळया कापतो, वाकवतो नि तारेने बांधतो. प्लंबर, वायरमन, फरशीवाले आणि रंगारी हे नंतरचे. या सगळ्यांना माल पुरवणारे ते बिगारी. माझी आई बिगारी आहे. घमेली वाहणे हे तिचे काम सर्वांना दिसते. पण स्लॅब भरल्यावर त्यावर पाणी मारणे हेही तिचेच काम असते. सिमेंटला पाणी मिळाले नाही तर ते पुरती ताकद धरत नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस काँक्रीट ओले ठेवावे असे सांगितले आहे. आई ते मानक जाणत नाही. पण “स्लॅब तान्हं पोर असतं, तहानलेलं ठेवू नये,” असे ती म्हणते. दोन्हींचा अर्थ एकच.

आणि सेंट्रिंग मिस्त्री. हे आप्पांचे काम. ओले काँक्रीट स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही. त्याला आकार देण्यासाठी खाली लोखंडी प्लेटा, फळ्या आणि त्यांना आधार म्हणून टेकू लावतात. हा सारा डोलारा म्हणजे सेंट्रिंग. स्लॅब भरताना काँक्रीटचे ओझे, माणसांचे ओझे, मिक्सरची थरथर हे सर्व त्यावर येते. एखादा टेकू भुसभुशीत मातीवर टेकलेला असला तरी वरचे सगळे खाली येते. मात्र स्लॅब झाला की हा डोलारा मोडून नेतात. आप्पांनी बावीस वर्षांत जे जे उभे केले ते सगळे स्वतःच्याच हाताने पाडले आहे! म्हणूनच कदाचित त्यांना आपल्या कामाचे नाव सांगता आले नसावे. दाखवायला मागे काही उरतच नाही.

हे सेंट्रिंग केव्हा काढायचे, यालाही शास्त्र आहे. काँक्रीटची ताकद दिवसादिवसाने वाढते. १५० मिलिमीटरचे ठोकळे करून ते २८ व्या दिवशी दाबून पाहतात आणि काँक्रीट ठरल्याप्रमाणे झाले की नाही ते ठरवतात. वर सांगितलेल्या मानकात साध्या सिमेंटच्या कामासाठी स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस ठेवावेत असे आहे. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस. भिंतीबाहेर निघालेल्या छज्ज्याची गोष्ट आणखी नाजूक. साध्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या अंगाला असते. छज्ज्याची वरच्या अंगाला, कारण तो वरून ताणला जातो. काँक्रीट टाकताना कोणी त्या सळईवर पाय देऊन ती खाली दाबली, तर छज्जा वरून दिसायला धडधाकट, पण आतून बिनताकदीचा होतो. ते टेकू काढल्यावरच कळते.

एका शास्त्राच्या अनेक शाखा

हे झाले इमारतीचे. पण स्थापत्यशास्त्र म्हणजे केवळ इमारती नव्हेत, आणि ते समजून घ्यायला आपल्या जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आपण जाणतो; १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळतात. पुण्यातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, आणि त्यांची पहिली नेमणूक नाशिकला होती. पुढे खानदेशात पांझरा नदीवर त्यांनी पाणी नेणाऱ्या वक्रनलिकेचे काम केले आणि १९०३ साली खडकवासल्याला पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ही जलसंपदा अभियांत्रिकी.

याच शाखेचे आपल्या रोजच्या पिण्यातले उदाहरण म्हणजे १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण. ते मातीचे आहे. मातीचे धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे: मध्ये पाणी न झिरपू देणारा चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचे थर, पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर, आणि पुराचे पाणी सोडायला पक्का सांडवा, कारण पाणी माथ्यावरून वाहिले तर मातीचे धरण टिकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण काम पुरते होण्याआधीच फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि निम्मे पुणे पाण्यात गेले. अशा कामासाठी माती, दगड, पाणी यांची परीक्षा करणारे संशोधक लागतात. आपल्या दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ सालापासून हेच काम करते. धरणांचे संकल्पन करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनाही नाशिकलाच आहे.

रस्ते, रेल्वे, बोगदे ही परिवहन अभियांत्रिकी. आपल्या नाशिक रोड स्टेशनवरून मुंबईला जाणारी गाडी कसाऱ्याचा घाट उतरते. तो थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ साली खुला झाला. त्याच डोंगरातून समृद्धी महामार्गाचा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा गेला आहे. इगतपुरी ते आमणे हा ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला. डोंगर तोच, खडकही तोच. पण आज खडकाचा अभ्यास करणारा भूशास्त्रज्ञ वेगळा, सुरुंगाचा जाणकार वेगळा, बोगद्यात हवा खेळवणारा वेगळा आणि सुरक्षा अधिकारी वेगळा. शहराचे पिण्याचे पाणी नि सांडपाणी पाहणारी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी ही आणखी एक शाखा. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना तिचे महत्त्व सांगायला नको.

सरकारी कामात या सर्वांची एक उतरंड असते. कनिष्ठ अभियंता जागेवर राहून कामाची मोजमापे पुस्तकात नोंदवतो. त्यावर उपअभियंता, मग विभागाचा कार्यकारी अभियंता, मंडळाचा अधीक्षक अभियंता आणि शेवटी मुख्य अभियंता. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराला बिल मिळत नाही. म्हणजे येथेही कागद आणि सही.

जबाबदारी कोणाची?

आता मी ज्या कारणासाठी हे सारे शोधत गेले ते सांगते.

मी सातवीत होते. एका बंगल्याच्या कामावर स्लॅब भरून पाचवा दिवस होता. ठेकेदाराला त्याच प्लेटा दुसऱ्या कामावर हव्या होत्या. सेंट्रिंगच्या धंद्यात प्लेटा मोजक्याच असतात आणि मजुरी चौरस फुटावर मिळते. तेव्हा जितक्या लवकर खोलाल तितक्या लवकर पुढचे काम. मुकादम येऊन म्हणाला, “खोला, वरून निरोप आहे.” आप्पांनी विचारले, “अजून पाचच दिवस झाले की?” तो म्हणाला, “निरोप आहे.” आप्पांनी टेकू काढले. स्लॅब राहिला, छज्जा मात्र खाली आला आणि आप्पांचा डावा पाय त्याखाली सापडला. तीन महिने ते घरी होते. आजही ते पाय जरा ओढत चालतात.

ठेकेदार म्हणाला, सेंट्रिंगवाल्याने घाई केली. सुपरवायझर म्हणाला, मी त्या दिवशी दुसरीकडे होतो. इंजिनिअर म्हणाले, मला कोणी विचारलेच नाही. प्रत्येकाचे म्हणणे ऐकले तर प्रत्येकजण बाजूला होत होता, आणि उरत होते ते टेकू काढणारे आप्पांचे हात. ‘निरोप’ कोणाचा होता हे कधीच कळले नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, बावीस वर्षांचा, म्हणजे तेव्हाचा पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव असून चुकलाच कसा? खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटायचे. मैत्रिणींना मी सांगितले होते की आप्पा रस्त्यात पडले.

या सुट्टीत मला कळले की आधार केव्हा काढावयाचे हा निर्णय सेंट्रिंग मिस्त्रीचा नसतोच. तो अभियंत्याचा आहे, आणि जागेवर तो पाळला जातो की नाही हे पाहणे पर्यवेक्षकाचे काम आहे. छज्ज्याची सळई वरच्या अंगाला राहिली होती की नाही हे काँक्रीट टाकण्यापूर्वी तपासणे, हेही त्यांचेच काम. आज ते तपासायचा मार्ग नाही. पण सात वर्षे जे ओझे मी आप्पांच्या माथी ठेवले होते ते त्यांचे नव्हते, एवढे नक्की. मी हे आप्पांना सांगितले. ते म्हणाले, “तरी खोललं तर मीच ना.” मला त्यावर काही बोलता आले नाही.

हे आमच्या एकट्याच्या घरचे दुखणे असते तर मी वार्षिकात लिहिले नसते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० माणसे दगावली. अशा वेळी चौकशी होते आणि चौकशीत कागद तपासले जातात. पण ज्यांची नावे कोणत्याच कागदावर नसतात त्यांना बाजू मांडायला कागदच नसतो.

याच कारणाने तो अर्ज मला महत्त्वाचा वाटतो. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदे केले. त्यांनुसार बांधकामाच्या खर्चावर आपल्या राज्यात एक टक्का उपकर घेतात आणि त्यातून कामगारांना शिक्षण, आजारपण, अपघात यांसाठी मदत देतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही उपकर नि मंडळ ही चौकट राहिली आहे. वय १८ ते ६० असावे आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही नोंदणीची अट. त्या ९० दिवसांसाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती येथे. आप्पांनी दोन ठेकेदारांना विचारले. एक म्हणाला, बघू. दुसरा म्हणाला, सही केली तर उद्या काही झाले की माझ्यावर येईल. त्याचे बोलणे ऐकून राग आला खरा. पण सहीचा अर्थ त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा अधिक चांगला कळतो, हेही मान्य केले पाहिजे.

तर अर्ज अजून आमच्या पेटीत आहे. ‘कामाचा प्रकार’ या घरात मी ‘सेंट्रिंग मिस्त्री’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. तिसऱ्या ठेकेदाराकडे या महिन्यात मी स्वतः आप्पांबरोबर जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरून कोणी बांधकामावर जात असेल, त्यांनीही एकदा हे घर भरून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. ज्यांच्या घरून कोणी जात नसेल ते पुढे घर घेतील, बांधतील, कचेरीत बसून कागदांवर सह्या करतील. त्यांनी सही करताना आपण कशाची हमी देत आहोत ते वाचून घ्यावे.

आप्पांनी मात्र माझ्या चौकशीतून एक गोष्ट उचलली. परवा मी डबा घेऊन त्यांच्या कामावर गेले होते. नुकत्याच भरलेल्या स्लॅबखाली, बीमच्या प्लेटेवर कोळशाने मोठ्या आकड्यांत तारीख लिहिलेली होती. आकडे आप्पांच्या हातचे होते. मुकादम खाली उभा राहून काहीतरी घाईचे सांगत होता, आणि आप्पा त्याला म्हणत होते, “साहेबांना फोन लावा. ते बोलले की खोलतो.”